बोटभर मागे

गाडीच्या बाजूच्या सॉकेटमध्ये खोचलेली केशरी वायर पार्किंगमधून निघून जिन्यात शिरली होती. कव्हरवाल्याने ती पाहिली आणि त्याची भूकच मेली.

तो दुपारी जेवायला घरी आला होता. गल्लीतली वीज गेलेली, लिफ्ट बंद. दुकान पलीकडच्या रस्त्यावर, तिथे वीज होती. त्यामुळे इथली कधी गेली ते त्याला कळलं नव्हतं; आत्ताच गेली असेल, असं त्याने धरलं. वर तिसऱ्या मजल्यावर आई होती. खिडकीशी खुर्चीत, नाकाला नळी लावून. तिच्या श्वासाच्या मशीनची स्वतःची बॅटरी तासभर चालते, त्यामुळे घाई नव्हती. नजर मात्र वायरीवरून हलेना.

गाडी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. पांढरीशुभ्र, महागडी, विजेवरची. ही वीज खाते तशी परतही देते, असं ते मागे एकदा कौतुकाने सांगत होते. तेव्हाही कव्हरवाल्याला मिरच्या झोंबल्या होत्या.

"अख्खी बिल्डिंग घामाने निथळतेय आणि साहेबांचा पंखा चालू," तो म्हणाला.

नुकताच पाळीवर आलेला वॉचमन पुठ्ठ्याने वारा घेत होता. "चालायचंच. दात आपले, गाडी त्यांची."

बावीस वर्षं कव्हरवाला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होता. बिल्डिंगमध्ये कुणी गाडी घेतली की पेढीवर जावं तसा त्याच्याकडे यायचा. डॉक्टर आले नाहीत. मग हाच खांद्यावर टेप टाकून खाली गेला. "घरचा माणूस म्हणून शिवून देतो," म्हणाला. डॉक्टरांनी हसून दार उघडलं. "नको काका, आतलं छान आहे." कव्हरवाल्याने सीटवरून बोट फिरवलं. इतकी सरळ शिलाई त्याच्या हाताला बावीस वर्षांत जमली नव्हती. नकारापेक्षा तेच जास्त लागलं.

तेव्हापासून त्याचा एक नेम सुरू झाला. डॉक्टर संध्याकाळी पार्किंगमधल्या बोर्डाला गाडी चार्जिंगला लावायचे. कव्हरवाला दुकान बंद करून यायचा आणि जाता जाता पिन मागे ओढायचा. पूर्ण नाही, बोटभर. बघणाऱ्याला लागलेलीच वाटावी, पण आत काही पोचू नये. कच्चा टाका घालावा तसं नाजूक काम. सकाळी डॉक्टर रिकाम्या गाडीपुढे डोकं खाजवत उभे राहायचे आणि कव्हरवाल्याला चहा गोड लागायचा. देवापुढे हात जोडताना त्याला यातलं काही आठवत नसे. चोरी नाही, मारामारी नाही, मग आठवायचं काय?

पण गेला महिनाभर डॉक्टर खाली गाडी चार्जिंगला लावतच नव्हते. गाडी मात्र रोज ऐटीत निघायची. कव्हरवाल्याचे हात शिवशिवत होते.

वॉचमनची पाठ वळली. कव्हरवाल्याने वाकून पिन बोटभर मागे ओढली आणि जिना चढू लागला. काढ आता घाम, तो मनात म्हणाला.

वायर कठड्याला धरून त्याच्यासोबत वर येत होती. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं.

वायर पुढे वर गेली होती.

तो थबकला. वरून पिपाणीसारखा बारीक, सलग आवाज येत होता. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो धावला. घराचं दार सताड उघडं. डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून मशीनचं बटण दाबत होते. "घाबरू नका आजी, हळू हळू श्वास घ्या. बघतो मी, बघतो." आईचे ओठ निळसर पडले होते. मशीनच्या पोटात केशरी वायर शिरली होती.

कव्हरवाला उंबऱ्यावरूनच फिरला. तीन जिने कसे उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने पिन मुळापर्यंत दाबली आणि तशीच दाबून धरून उभा राहिला, जणू हात काढला तर पुन्हा निसटेल. मग पुन्हा वर पळाला.

मशीन धापा टाकत चालू झालं होतं. आईच्या गालांवर रंग परतत होता. डॉक्टर तिची पाठ चोळत होते.

"आलात काका? अकरापासून वीज नाही. आजींनी खिडकीच्या गजावर चमचा वाजवून मला बोलावलं. बॅटरी संपतच आली होती. मग आत्ताच गाडीवर घेतलं मशीन. मध्येच बंद पडलं हो, कुठेतरी सैल असणार."

कव्हरवाला उंबरा ओलांडून आत आला. "गाडीत... पुरेल ना?"

"काठोकाठ भरलीय. उद्यापर्यंत चिंता नाही. हल्ली दवाखान्यातच भरून आणतो. खालच्या बोर्डात दोष आहे ना, आजींनीच सांगितलं महिन्यापूर्वी." डॉक्टर उठले. "बसा तुम्ही. वायर तपासून येतो."

त्यांची पावलं जिन्यात विरली. कव्हरवाला आईच्या पायाशी बसला. तिच्या खुर्चीतून कसं दिसतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज गजातून डोकावला. सरळ खाली पांढरी गाडी होती. तिच्यामागे बोर्ड. बोर्डावरची पिनेची तीन भोकंसुद्धा मोजता येत होती.

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. श्वास नीट जमेपर्यंत ती थांबली.

"बोर्डातच दोष आहे म्हटलं मी त्यांना," ती म्हणाली. "तुझं नाव नाही घेतलं."