जागा पाहिल्याचा दाखला

शमिका भुवड अंगणात शिरली तेव्हा बाप्ये तिरडी बांधत होते. तिनं स्कूटर फणसाखाली लावली, ओढणी डोक्यावर घेतली आणि प्लास्टिकची फाइल पोटाशी धरून ओटीवर चढली. बायकांनी सरकून तिला वाट दिली.

ओटीवर गौरव शिवगणची आई निजवलेली होती. उशाशी गौरव गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

“तुम्ही यांच्या ऑफिसातल्या का?” गौरवच्या बायकोनं, मनस्वीनं, तिचा हात धरला.

“हो,” शमिका म्हणाली.

“सकाळी चहा केलान, कप हातात घेतलान, नि बसल्या जागी गेली हो बाय,” शेजारच्या सगुणाकाकूंनी सांगितलं. “काही दुखणं नाही, खुपणं नाही.”

शमिकानं मयताच्या पायांना हात लावला. मग ती गौरवच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं मान वर केली आणि तिला ओळखून पुन्हा खाली घातली.

गौरव बांधकाम खात्यात उपअभियंता होता. शाळेमागच्या दरडीला भिंत बांधायची निविदा गेल्या शुक्रवारी संध्याकाळी निघाली होती, सात दिवसांच्या मुदतीची. अट एकोणीस : ठेकेदारानं जागा पाहिल्याचा, उपअभियंत्याच्या सहीचा दाखला जोडावा. दादूशेट या दुसऱ्या ठेकेदाराला ती सही त्याच संध्याकाळी मिळाली. शमिकानं शनिवारी सकाळी जाऊन जागा पाहिली, तारीख उमटेल असे फोटो काढले आणि सोमवारपासून ती सहीसाठी फिरत होती. आज दुपारी तीनला मुदत संपत होती. तीन वर्षांत एकही सरकारी काम नसलं की ठेकेदाराची नोंदणी जाते, आणि तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. नवरा, रघू, स्लॅबवरून पडल्यापासून अंथरुणाला होता. हाताखालचे सहा गडी रोज फोन करून विचारायचे, वहिनी, काम आलं का?

“साहेब, सही,” ती हळूच म्हणाली.

“मॅडम, आई गेली माझी.”

“तीनला बंद होतंय. संगमेश्वरला जाऊन अपलोड करायचं तर अर्धा तास मोडेल.”

“तुम्हाला काही वाटतं का?”

“सोमवारी पण आई सिरियसच होती, साहेब. मी दवाखान्यात वॉर्डावॉर्डात विचारलं. शिवगण नावाचं कुणी नव्हतं.” तिनं आवाज चढू दिला नाही. बघणाऱ्याला वाटावं, समजूत घालतेय. “मंगळवारी मी इथं आले. तुमच्या आई या ओटीवर कुळीथ पाखडत होत्या.”

गौरवनं झटकन मान वर केली. “इथं आलात?”

“पाणी दिलं मला. बरोबर गूळ दिला. म्हणाल्या, गौरव रोज वेळेवर ऑफिसात जातो.”

“तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“तुमच्या ऑफिसात मला सांगत होते तेच. साहेबांच्या आई आयसीयूत आहेत, वाचायची आशा नाही.”

तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “काय म्हणाली ती?”

शमिकानं फाइल उघडून दाखला त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. “आधी सही करा.”

“कसला कागद हो बाय?” सगुणाकाकूंनी विचारलं.

“ऑफिसचा आहे. लागतो.”

“सरकारचं मेलं असंच. माणूस जायच्या आधी कागद हजर.”

गौरवनं सही केली, तारीख घातली. शिक्का त्याच्या बॅगेत होता. त्यानं नुसता हात केला. मनस्वीनं डोळे पुसत खुंटीवरची बॅग आणून दिली. त्यानं शिक्का मारला.

“आता सांगा.”

शमिकानं शाईवर फुंकर घातली. “हसल्या. म्हणाल्या, ‘मी मरायला टेकले म्हणून सांगितलंन? असूं दे हो. त्याचं काही काम होत असेल तर होऊं दे. पण मला कळलं म्हणून सांगू नको त्याला. लाजेल तो.’”

गौरवनं तोंड दाबून धरलं, पण हुंदका बाहेर पडलाच. सकाळपासून तो रडला नव्हता. “रडूं दे, मोकळा होऊं दे,” कुणीतरी म्हणालं.

शमिकानं दाखला फाइलीत ठेवला आणि ती उठली. गौरवनं फाइलीचं टोक पकडलं.

“थांबा मॅडम. ती चालायची नाही.”

“काय चालायची नाही?”

“सही. शनिवारपासून रजेवर आहे मी. आईच्या आजारपणाची रजा टाकलीय. रजेवरच्या माणसाची सही धरत नाहीत. निविदा उघडताना दादूशेट पहिलं तेच काढेल.”

“रजेचं मला ऑफिसात कुणी बोललं नाही.”

“बोलू नका म्हणून मीच सांगितलं होतं.”

तिनं मोबाइल पाहिला. दोनला दहा कमी होते.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. गौरवचा मोठा भाऊ, बाबू, मुंबईहून पोचला होता. तो चपला न काढता धावत ओटीवर आला आणि त्यानं आईवर अंग टाकलं. एकच आकांत झाला. बायका पुढे लोटल्या. मनस्वीनं जवळ उभ्या असलेल्या शमिकालाच मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हंबरडा फोडून रडू लागली.

शमिकानं एका हातानं तिची पाठ थोपटली. मान उंच करून तिनं गौरवकडे पाहिलं आणि विचारलं. मोठ्यानं विचारावं लागलं, नाहीतर त्याला ऐकू गेलं नसतं.

“साहेब, तुमचा चार्ज कुणाकडे दिलाय?”