भुताला हाकलायचा प्रवेश

“मावशी, तुला भुताची भीती नाही वाटत?”

ग्रेसीनं विचारलं आणि मागे वळून पाहिलं. तिच्या वर्गातल्या पोरी बाकाआड तोंडं लपवून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. सांडोरच्या पोरांनी बसवलेलं भुताचं नाटक साऱ्या वसईत गाजत होतं. सोपाऱ्याहून बैलगाड्या भरून माणसं येत होती. लाल लुगड्यातली नवरी विहिरीतून वर यायची तेव्हा मोठमोठे बाप्येसुद्धा शेजाऱ्याचा हात धरायचे. अनसूया तर त्या दिवसापासून पाण्याला एकटी जात नव्हती, आईनं धपाटे घातले तरी. आणि ही म्हातारी सालोमी? प्रत्येक खेळाला पहिल्या बाकावर. नवरी आली की ही हसायची, आणि शेवटचा प्रवेश लागायच्या आत उठून चालू पडायची. का, ते विचारायची छाती कोणाची नव्हती. ग्रेसीची होती. हल्ली कुठल्याच पैजेला तिची ना नसायची.

“भीती कसली?” सालोमी म्हणाली. “माझ्या कार्मिनचं लुगडं हाय ते.”

मागचं खिदळणं थांबलं. नाटकाचे कपडे गावातल्या घराघरांतून मागून आणलेले, हे ग्रेसीला ठाऊक होतं. नाटकातल्या पाद्र्याच्या हातातला पितळी तांब्या तिच्याच घरचा. पण भुताचं लुगडं कोणाचं, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. सालोमीच्या लेकीचं, कार्मिनचं लग्न फादरांनी देवळात पुकारलं आणि त्याच आठवड्यात ती तापानं गेली, ते मात्र सगळ्या गावाला माहीत होतं.

“लग्नाचं लुगडं. नेसलेली बघायची राहिलीच होती मला,” सालोमी म्हणाली. मग तिनं ग्रेसीचं मनगट धरलं. “आज शेवटचा खेळ. तुझ्या बापाला सांग पोरी, आज तिला हाकलू नको.”

नाटक ग्रेसीच्या बापानंच लिहिलं होतं, निकोलसनं. शेवटी पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, भूत किंचाळत विहिरीत नाहीसं होतं आणि लोक बाकं बडवत ‘हाकल, हाकल’ करतात. सगळ्यांत वरचा आवाज ग्रेसीचा असायचा.

ती पडद्यामागे पळाली. निकोलस प्लासिडच्या तोंडाला पांढरा रंग फासत होता. प्लासिड म्हणजे भूत. एरवी केळीच्या वाडीत राबणारा मुलखाचा लाजाळू गडी. लुगडं कोणाचं ते ऐकल्यावर त्यानं खांद्यावरचा पदर काढायला घेतला. निकोलसनं त्याचा हात थांबवला. दुसरं लुगडं या घटकेला आणायचं कुठून?

शेवट बदला, ग्रेसी म्हणाली. भूत राहू दे, काय बिघडतं? निकोलसनं रंगाची वाटी खाली ठेवली. भुताला घालवायचं, याच अटीवर फादरांनी नाटकाला परवानगी दिली होती, आणि फादर समोर खुर्चीत येऊन बसले होते. माणसंही इतक्या लांबून तेच बघायला आली होती.

“मी काय करू, तूच सांग,” तो म्हणाला.

 ग्रेसी परत येऊन सालोमीजवळ बसली.

गॅसबत्ती बारीक झाली. नवरी वर आली. पोरं बाकांखाली शिरली, कोणी येशूचं नाव घेतलं, कोणी किंचाळून मग स्वतःलाच हसलं. सालोमी पदराची घडी न् घडी बघत होती. शेवटचा प्रवेश जवळ आला तसं ग्रेसीनं तिला कोपरानं हलवलं. ऊठ मावशी, जाऊ या. सालोमी हलली नाही.

पाद्री तांब्या घेऊन आला. लुगड्यावर पहिलं पाणी पडलं आणि मागून गलका उठला. हाकल, हाकल. त्यात वर्गातल्या पोरींचे आवाज ओळखू येत होते. ग्रेसीनं ओठ घट्ट मिटले.

सालोमी उठली, रंगमंचाच्या कडेशी गेली, आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराला तिन्हीसांजेला बोलवावं तसं म्हणाली, “कार्मिन, पुरे झालं आता. चल घरी.”

गलका थांबला. प्लासिड पदर मुठीत धरून उभा. त्याला किंचाळता येईना, विहिरीत उतरता येईना. आडोशाला निकोलस पडद्याची दोरी हातात घेऊन उभा, त्याच्याकडून ती ओढवेना. मग सोपाऱ्याच्या माणसांतून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा मांडव टाळ्यांनी भरून गेला. म्हातारी नाटकातलीच आहे असं त्यांना वाटलं होतं. फादरसुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

खेळ मोडला तरी माणसं हलेनात. विरारच्या मंडळींनी निकोलसला घेरलं. ईस्टर झाल्यावर आमच्याकडे खेळ कराच म्हणाले, पण त्या म्हातारीला आणा, असं काम आम्ही जन्मात पाहिलं नाही. ती नाटकातली नाही, निकोलस सांगत राहिला. ते हसले. फोडू नका हो गुपित, म्हणाले. सालोमी तिथंच होती, प्लासिडच्या पदराचं टोक बोटांत धरून. विरारला गाड्या कधी निघणार, आपण कोणत्या गाडीत बसायचं, एवढंच ती विचारत होती.

निकोलसनं बायकोकडे पाहिलं. मार्गारेट खाली वाकून तांब्या पुसू लागली. नको म्हणून सालोमीला सांगणार कोण?

“विरारला मीपण येणार, बाबा,” ग्रेसी म्हणाली. “आई, तू नाही म्हणू नकोस. मी मावशीच्या शेजारी बसणार. ती उठली की मीही उठणार, आणि तिनं कार्मिनला हाक मारली की मीपण मारणार.”