नव्वद मिनिटांपुरतं

संमतीपत्रावर सही करायची जागा डॉक्टरांनी पेनाने फुली मारून दाखवली. "इथे, सर. तिला अठरा पूर्ण नाहीत ना, म्हणून पालकांची लागते. बाकी काही नाही."

सामना सुरू व्हायला पस्तीस मिनिटं होती. स्टेडियमखालच्या त्या खोलीत एक उंच टेबल, एक स्टूल आणि बेसिन एवढंच होतं. टेबलावर लेक पाठीवर पडली होती, अंगात नऊ नंबरची जर्सी, उजवा पाय उशीवर. गुडघ्याची वाटी सुजेत बुडून गेली होती. परवा सरावात पाय मुरगळला, एवढं तिने घरी सांगितलं होतं. सूज सांगितली नव्हती. दोन दिवस घरात फुल पॅंट घालून हिंडत होती.

बाप देशाकडून बारा वर्षं खेळलेला स्ट्रायकर. फायनलमधला त्याचा गोल अजून टीव्हीवर दाखवतात. तो त्याचा शेवटचा सामना होता, हे दाखवणारे सांगत नाहीत.

"एमआरआय केला?" त्याने विचारलं.

"मॅच झाली की करून घेऊ. लिगामेंट ताणलंय. तुटलेलं वाटत नाही."

"वाटत नाही."

"सर, निवड समितीचे तिघंही वर येऊन बसलेत. एक इंजेक्शन दिलं की नव्वद मिनिटं तिला काही कळणार नाही."

"आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला?"

डॉक्टर हसले. तरुण होते, स्वभावाने भले होते, त्यांना तो विनोद वाटला. "तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही तर यातून गेलेले. तुमचा तो गोल मी शाळेत असताना पाहिलाय, शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून."

बापाने दोन मिनिटं मागितली. डॉक्टर बाहेर गेले. ट्रेमध्ये सुई भरून तयार होती, वर नुसता कापूस ठेवला होता.

"बाबा, कर ना सही."

"चिऊ..."

"इथे चिऊ म्हणू नकोस."

तो स्टुलावर बसला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तू तीनदा घेतलं होतंस," ती छताकडे बघत म्हणाली. "आईने सांगितलंय."

"पुढचं नाही सांगितलं?"

"तुझी ऑपरेशनं मला पाठ आहेत. पण तू ते घेतलं नसतंस तर तो गोल झाला असता? तुला आज कुणी ओळखलं असतं?"

नसतं ओळखलं. तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती. वीस वर्षं लोक त्याला थांबवून तो गोल ऐकवत आले होते, चेंडू कसा वळला, गोलकीपर कसा जागच्या जागी राहिला. त्यानेही दर वेळी मान डोलावली होती.

"मला तो गोल कळलाच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाय लाकडासारखा झाला होता. चेंडू पायाला लागला, ते मला समजलं नाही. लोक ओरडले तेव्हा समजलं. मीसुद्धा तो नंतर टीव्हीवरच बघितला. तुझ्यासारखाच."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पण झाला ना गोल?"

वर स्टॅंडमध्ये माणसं भरत होती, पावलांनी छत दणदणत होतं. सही केली तर हा गुडघा गेला. नाही केली तर ही लेक गेली, असं त्याला वाटलं. पुन्हा संधी मिळेल, म्हणणं सोपं होतं. मिळेलच असं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? कुणीतरी आपल्या हातातून हे पेन काढून घ्यावं, असं त्याला फार वाटलं. त्याच्या वेळी सही त्याची त्यानेच केली होती, कागद न वाचता.

दारावर टकटक झाली. डॉक्टरांच्या मागे कोचबाई उभ्या होत्या.

त्याने कागद डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी खालची जागा बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. सहीची जागा कोरीच होती.

"विचार केलाय ना नीट?" कोचबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण सही करणार नाही."

त्यांनी वाद घातला नाही. राखीव मुलीला तयार व्हायला सांगायला त्या घाईने निघून गेल्या. लेक उठून बसली. जर्सीवरच जॅकेट चढवून तिने चेन गळ्यापर्यंत ओढली. ती रडली नाही, त्यामुळे त्याला जास्तच धास्ती वाटली.

"मला घरी ने. आणि माझ्याशी बोलू नकोस."

"नाही बोलणार."

पट्टी बांधून, सामान आवरून निघेपर्यंत शिट्टी झाली होती. बॅग तिने त्याला उचलू दिली नाही. भिंतीला हात लावत ती पुढे चालली, तो दोन पावलं मागे. पार्किंगकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी ती थांबली.

"दुखतंय?" न राहवून त्याने विचारलं.

"खूप दुखतंय," ती चिडून म्हणाली.

तेवढ्यात वर एकच ओरडा उठला. कुणीतरी गोल केला होता. ती अंगातल्या सवयीने गर्रकन वळली, सगळा भार उजव्या पायावर आला आणि ती कळवळून जागच्या जागी थांबली. त्याने तिचा दंड धरला. ओरडा थांबेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली. मग त्याच्या हाताचा आधार घेऊन तिने डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.