पोटभाडेकरू

ताईने दिलेली किडनी धाकटीच्या ओटीपोटात छान रुळली होती. ताई वारली, आणि किडनीने कुरकुर सुरू केली.

“विषाणू आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लहानपणी साध्या सर्दीसारखा शिरतो आणि किडनीत जन्मभर झोपून राहतो. ताईंच्या किडनीतून आला आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तुमच्या गोळ्यांनी जागा झाला. गोळ्या कमी केल्यावर आता झोपलाय. पुन्हा उठला, तर मात्र किडनी हातची जाईल.”

“म्हणजे ताईने घर दिलं ते पोटभाडेकरूसकट!” धाकटी हसली.

दुपारी ती एकटीच पलंगावर आडवी झाली. खिडकीत लख्ख ऊन होतं. तिला लहानपणचं आजारपण आठवलं. दोघी सर्दीने बेजार, एकाच पांघरुणात. आईने दटावलं की ताई डोळे गच्च मिटून घ्यायची.

“झोपलीस का गं?” धाकटी कुजबुजायची.

“हो, झोपले.” चोंदलेल्या नाकातून उत्तर यायचं.

“झोपलेलं माणूस बोलतं होय गं?” आई स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि दोघी खुदुखुदु हसायच्या.

धाकटीने ओटीपोटावर हलकेच तळहात ठेवला.

“झोपलीस का गं?” तिने गमतीने विचारलं.

तळहाताखालून, चोंदलेल्या नाकातून आल्यासारखा, लहान मुलीचा आवाज आला.

“हो, झोपले.”