सरपंचबाईंची मुलाखत

“एक बोट म्हणजे पाण्याची टाकी,” रूपराव म्हणाले. “दोन म्हणजे अंगणवाडी. अन् मूठ आवळली का?”

“गावाच्या सहकार्याने झालं, असं सांगायचं,” मोहिनी म्हणाली.

“हां. अन् हसून सांगजो. काल मयतीले बसल्यासारखी बोलून राह्यली होती.”

मुलाखतीला अजून वीस मिनिटं होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सासरा आणि सून दोघंच होती. कुणाला आत सोडू नको असं बजावून रूपरावांनी शिपायाला दाराबाहेर उभं केलं होतं. टेबलावर लॅपटॉप होता. त्याच्या बरोबर मागे त्यांनी स्वतःसाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली. तिथून मोहिनीला ते दिसणार होते, पडद्यावर दिसणार नव्हते.

मोहिनी सरपंचाच्या खुर्चीत बसली होती. टेकलं की खुर्ची मागे झुकत होती. तिला त्याची सवय नव्हती.

ती सव्वीस वर्षांची, हिंगणघाटच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. वडनेरपासून सहा किलोमीटरवरच्या या गावात लग्न होऊन आली. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा रूपरावांनी तिचा अर्ज भरला आणि प्रचारही त्यांनीच केला. त्याला अडीच वर्षं झाली होती.

जिनिव्हाला तरुणांची परिषद होती. देशातून चार प्रतिनिधी जाणार होते. त्यातली एक जागा तिशीच्या आतल्या सरपंचासाठी होती. जाहिरात मोहिनीनेच मोबाइलवर पाहिली आणि सासऱ्यांना दाखवली. रूपरावांनी ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. त्यांच्या मनात जिल्हा परिषदेचं तिकीट होतं. सून देशाची प्रतिनिधी झाली तर चौकातल्या फलकावर कोणाचा फोटो किती मोठा लावायचा, तेही त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

अर्ज इंग्रजीत भरायचा होता. सलग तीन दिवस दुपारी मोहिनी वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

“टाकीची जागा कोणी ठरवली, मामाजी?”

“मीच. तारीख लिह, चौदा ऑगस्ट. सही तुह्यी, डोकं माह्यं.”

“मी कुठं होती तेव्हा?”

“घरी. पाहुणे नव्हते का आले? पण ते नको लिहू.” रूपराव मोठ्याने हसले. मोहिनीही हसली आणि तारीख लिहून घेतली.

अर्ज पाठवण्याआधी तिचा नवरा गोपाल याने तो वाचला. तो हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होता, इंग्रजी वाचता येत होतं. तिसऱ्या पानावर तो थांबला.

“बाबाले वाचून दाखवलं का हे?”

“सारं त्यांनीच तर सांगितलं.”

गोपालने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि तो बाहेर गेला. आज त्याला सुट्टी होती, तरी तो कार्यालयाकडे फिरकला नव्हता.

मुलाखतीची भाषा निवडायची मुभा होती. मोहिनीने मराठी लिहिली होती.

“ते बरं केलं,” रूपराव आता म्हणाले. “इंग्रजी असती तर मी काय नुसता पंख्याकडे पाहत बसलो असतो? मराठीत मलेबी सारं समजन.”

“म्हणूनच,” मोहिनी म्हणाली.

तिने तळहात पदराला पुसले.

“हुकलं तर, मामाजी?”

“काऊन हुकन? अन् हुकलं तर घर हाये, गोठा हाये. मंग मात्र या लॅपटॉपच्या डब्याले पुन्हा हात नाई लावायचा.”

अकराला पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाई मराठी होत्या. त्यांनी पाणी प्या, घाबरू नका असं सांगितलं आणि सुरुवात केली.

“मोहिनीताई, सरपंच म्हणून तुमचा पहिला मोठा निर्णय कोणता?”

रूपरावांनी एक बोट वर केलं.

“पाण्याची टाकी,” मोहिनी म्हणाली. “जागा मी ठरवली. आता वरच्या आळीलाही पाणी चढतं.”

“आणि त्यानंतर?”

दोन बोटं.

“अंगणवाडीची खोली. तिचा ठराव मी मांडला.”

“सदस्यांचा विरोध झाला असेल?”

मूठ.

“गावाच्या सहकार्याने झालं, मॅडम.” ती हसायला विसरली. रूपरावांनी स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं, तेव्हा हसली.

बाईंनी चष्मा काढला. शेजारच्या गृहस्थांशी हलक्या आवाजात काही बोलल्या. त्यांनी कागद चाळून एक पान बाईंच्या पुढे धरलं. मोहिनी खुर्चीत पुढे सरकून ताठ बसली. रूपरावांनी हातानेच विचारलं, काय झालं?

“माझा जरा गोंधळ होतोय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आत्ता सांगितलेलं अर्जाशी जुळत नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. आणि खोटी माहिती देणाऱ्याला आम्ही पाठवू शकत नाही, हे तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे, मॅडम.”

रूपराव खुर्चीतून अर्धे उठले. बोटं कोणती दाखवावीत ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी मूठ आवळली आणि तशीच धरून ठेवली.

“अर्जात तुम्ही लिहिलंय,” बाई पानावरून वाचू लागल्या, “की अडीच वर्षांत मी एकही निर्णय घेतलेला नाही. सगळे माझ्या सासऱ्यांनी घेतले. पुढे एकतीस निर्णयांची यादी आहे, तारखांसकट. त्या प्रत्येक दिवशी तुम्ही घरात काय करत होतात, तेही आहे. परिषदेत मला याविषयीच बोलायचं आहे, असं शेवटी म्हटलंय. मग आता खरं कोणतं धरायचं?”

“अर्जातलं,” मोहिनी म्हणाली. “आत्ताची उत्तरं त्यांची आहेत, मॅडम. ते समोरच बसलेत.”