तलावाची सोय

"मराठीतच बोला मावशी. इथं कोणी काही म्हणणार नाही," निरंजन म्हणाला.

अंजनाबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. सकाळपासून बस बदलत त्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून नव्या रायपुरात आल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत कोणाशी काय बोलायचं याची त्यांना धास्ती होती.

"जय भीम साहेब. आपला माणूस भेटला, बरं झालं."

निरंजन मूळचा साताऱ्याचा. वस्त्यांच्या सांडपाण्याच्या छोट्या कामांना सरकारी अनुदान वाटायचं खातं त्याच्याकडे नुकतंच आलं होतं. इथं वस्तीला पारा म्हणतात, एवढं तो शिकला होता. बाकी बोली समजावून द्यायला पुष्कर शेजारी बसत असे. तो रायपुरातच वाढलेला, मराठी सगळं कळणारा आणि उत्तर हिंदीत देणारा. आज मात्र निरंजननं त्याला चहाला पिटाळलं होतं. मराठी बाईशी बोलायला दुभाषी कशाला हवा?

यंदा अनुदानात एकच पारा बसत होता आणि मागणारे दोन होते. उतारावर पाण्याच्या टाकीखालचा टाकीपारा, आणि त्याच्या खाली अंजनाबाईंचा तलावपारा.

"तुमच्याकडचं सांडपाणी आता कुठं जातं, मावशी?"

"जाते नालीनं तलावातच. कुठी जाईन दुसरं?"

"तलाव कसला आहे?"

"निस्तारी हाय ना साहेब." अंजनाबाई पुढं सरकल्या. "साऱ्या पाऱ्याचा निस्तार तिथंच होते. माह्या सासूच्या काळापासून."

निरंजननं मान डोलावली. सांडपाणी निस्तरायला पिढ्यान्‌पिढ्या एक तलाव राखून ठेवलेला. जुनी माणसं शहाणी होती, असं त्याला वाटून गेलं.

"पाऱ्यात कोणाची हरकत नाही त्याला?"

"हरकत कायची? निस्तारी तलाव म्हणल्यावर साऱ्यायचा हक्क हाय त्याच्यावर. पण उन्हाळ्यात तळ दिसते त्याचा. पोट्ट्यायच्या आंगाले खाज सुटून राहिली. माही नात साक्षी रातभर खाजवते, झोपत नाही. तुमी फकत ध्यानात ठेवा, तलाव निस्तारी हाय म्हणून."

"ठेवतो," निरंजन म्हणाला. खाज डासांमुळे असणार, त्यावर फवारणी सांगता येईल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

त्या उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "याच्याआधी कोणी आयकूनच नाही घेतलं, भाऊ," त्या म्हणाल्या. दाराशी पोचेपर्यंत साहेबाचा भाऊ झाला होता.

अनुदान टाकीपाऱ्याला गेलं. दुसरा मार्ग नव्हता. तिथं गल्लीतच घोट्यापर्यंत घाण साचत होती आणि ती काढून द्यायला जागा नव्हती. घाण पाणी गाळून साफ करायचा टप्पा पुढल्या वर्षावर टाकावा लागला. यंदा फक्त बंद नाली आणि एक लांब पाइप.

"और पाइप छोड़ेंगे कहाँ, सर?" पुष्करनं विचारलं.

"खालच्या तलावात. तो त्याचसाठी आहे."

"आपकी बात हो गई है उन लोगों से?"

"सविस्तर. मराठीत," निरंजन म्हणाला. पुष्करनं नकाशावर तलावापर्यंत रेघ ओढली.

पण निरंजनला चैन पडेना. न्याय केला होता, तरी बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. नकाराचं पत्र त्यानं पाठवू दिलं नाही, आपण स्वतः जाऊन सांगू म्हणाला. मग जायचंही आज-उद्या करत राहिला. टाकीपाऱ्यात खोदकाम सुरू झालं, पाइप उतरत उतरत तलावाच्या काठाला पोचला, तरी याचं जाणं होईना. आपण इतके भित्रे आहोत याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून तो आणखी टाळत होता.

उद्घाटनाला मात्र जावंच लागलं. टाकीपाऱ्यानं नारळ फोडला, पेढे वाटले, आणि निरंजनच्या हातून वॉल्व्ह उघडून घेतला. साचलेलं काळं पाणी भसाभसा पाइपात शिरताना पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी खाली पोचायला थोडा वेळ लागेल, असं मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात बोलून घ्यावं म्हणून निरंजन उतारावरून पायीच निघाला. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. पुढल्या वर्षी पहिलं नाव तुमचंच, असं म्हणायचं. हात जोडायचे. त्या रडल्या तर रडू द्यायचं.

तलावाच्या काठाला पाऱ्यातल्या साऱ्या बाया जमल्या होत्या. घागरी होत्या, धुण्याच्या बादल्या होत्या. पाइपाच्या तोंडाला झेंडूची माळ बांधली होती. त्याखाली पोरी ओळीनं उभ्या होत्या, केस मोकळे सोडून. सगळ्यांत पुढं एक हडकुळी पोरगी हात खाजवत होती.

"मावशी, मला तुमची माफी मागायची आहे. मंजुरी तुमच्या..."

"माफी काहून मागता, भाऊ?" अंजनाबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "टाकीकडून पाइप निघाला, तवाच मी साऱ्यायले सांगतलं, भावानं आपलं ध्यानात ठेवलं. टाकीचं साफ पाणी तलावात सोडून राहिला. आंघोळ, कपडे, भांडे, तांदूळ धुनं, आमचा सारा निस्तार याच पाण्यावर तर होते."

पाइपात गुडगुडलं, आणि साक्षीनं ओंजळ पुढं धरली.