पावणेबाराचा मुहूर्त

बाबा सकाळी सहाला गेले. त्यांचे डोळे दान करायचे होते आणि ते सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून मी लगेच सरकारी दवाखान्यात फोन लावला. नेत्रदानाच्या गाडीसाठी बाबांनीच दोन वर्षं अर्ज केले होते.

"गाडी त कालच आली, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "पन पूजा बाकी आहे. साहेबानं पावणेबाराचा मुहूर्त काढला. त्याच्याआधी कशी काढू जी?"

"सरकारी गाडीला कसली पूजा?"

"तुमी बी तुमच्या बाबासारख्याच बोलून राहिल्या."

मी साहेबांना चार फोन केले. चारही वेळा ते पूजेच्या तयारीत होते.

गाडी आमच्या गावी, दिघोरीला पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. बॉनेटवर झेंडूचा हार होता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि पेटी उघडलीच नाही.

"देवाची मर्जी, ताई," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

बाबांनी जन्मात देव मानला नाही, मीही नाही. तरी त्या दिवशी मला त्याची बाजू घ्यावी लागली.



"नाही भाऊ, यात त्याचा काही दोष नाही."